मयताच्या सामानाचा भाव

सुलक्षणा दुकानात शिरली की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडायच्या. घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाला साडी घ्यायची असो की सुकट, तिला बरोबर न्यायचंच. ती ओरडायची नाही, हातवारे नाहीत. वस्तू खाली ठेवायची, दोन पावलं चालायची आणि मागून हाक येण्याची वाट बघायची. हाक यायचीच, कारण चार पावलांवर दुसरं दुकान असायचं.

एका दुकानापुढे मात्र तिचं काही चाललं नाही. ते सीतारामचं, स्मशानाच्या वाटेवरचं. बांबू, मडकं, मांजरपाट, सुतळी, गुलाल, सगळं मयताचं सामान. आसपासच्या साऱ्या वस्त्यांना मिळून तेवढं एकच. दुसरं निघणार कुठून? असल्या धंद्याला गाळा देतो कोण? एकाने घेऊन बघितला, तर वरच्या बिऱ्हाडांनी त्याला फळीसुद्धा ठोकू दिली नाही. त्यातून आपली रीत: मयताच्या सामानाला भाव करायचा नाही. सीताराम सांगेल तो आकडा मान खाली घालून द्यायचा. हे त्याला पक्कं ठाऊक. मेला दरवर्षी भाव चढवायचा, आणि तोंड असं करायचा जणू त्याच्याच घरचं कुणी गेलंय.

सुलक्षणाची सासू गेली तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. तिचा नवरा जयवंत घरीच बसलेला. सीतारामने सांगितलेला आकडा ऐकून ही स्वतः त्याच्याकडे निघाली. जयवंतने दारातच अडवलं. "आईच्या तिरडीचा पण भाव करणार तू? लाज वाटत नाही?" ती मागे फिरली. पैसे दिले गेले. त्या महिन्यात फी भरली नाही म्हणून त्यांच्या मीराला वर्गाबाहेर उभं केलं.

पुढे दोन वर्षांत जयवंतची छाती गेली. इतकी वर्षं नाकातोंडात गेलेला कापूस, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं. मीरा तेव्हा दहावीला होती. तिच्या परीक्षेच्या फॉर्मचे आणि क्लासचे म्हणून सुलक्षणाने डब्यात थोडे पैसे जमवले होते. घरात तेवढेच. ते सीतारामच्या गल्ल्यात गेले असते, तर पोरगी घरी बसली असती.

मग तिने जे केलं ते आमच्यात कुणी करत नाही. ती कुर्ल्याला गेली, बुरुडाला मांडवासाठी हवेत असं सांगून बांबू घेतले. मांजरपाट एका दुकानातून, मडकं दुसऱ्यातून. प्रत्येक ठिकाणी वस्तू खाली ठेवून दोन पावलं चालली असणार. बांबू गॅलरीत कपड्यांच्या दांडीसारखे टांगले आणि बाकीचं माळ्यावर चढवलं.

खाटेवरून जयवंतला सगळं दिसत होतं. पुढचं तिनेच मला रडत रडत सांगितलं.

"काय गं, मांडव घालतेस?" त्याने विचारलं.

तिला खोटं बोलता आलं नाही.

त्याने बांबू नजरेने मोजले. मग म्हणाला, "कितीला पडलं?"

"साठ."

"आणि सीताराम?"

"दीडशेच्या खाली नाही."

जयवंत हसला, हसता हसता खोकला. "बरं केलंस. पोरीचा फॉर्म भर."

फॉर्म भरायच्या आधीच, एका रविवारी सकाळी, तो गेला. सुलक्षणाने डोळे पुसले, गॅलरीतले बांबू आणि माळ्यावरचं सामान काढून दारात ठेवलं. जयवंतचे लवूकाका दाराशी बसून बघत होते. त्यांनी मडकं पायाने बाजूला सारलं.

"ह्या सामान जित्या माणसाच्या नावान इलला. ह्या चलाचा नाय."

"काका, ह्यांनी बघितलंय सगळं. चालेल म्हणाले ते," सुलक्षणा म्हणाली.

"वहिनी, आता तुम्ही गप्प बसा," कुणीतरी पुरुष म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, कोरे बांबू आहेत. मेलेल्याला काय कळतंय?" तर बायकांनी मलाच दंडाला धरून मागे ओढलं. पैशांचा प्रश्न निघाला. संपाने सगळ्यांचीच वाट लागलेली, देणार कोण? शेवटी लवूकाकांनीच फळीवरचा डबा काढला. रविवार म्हणून सीतारामने एकशे ऐंशी लावले. ते डब्यातून मोजून दिले.

मीराचा फॉर्म भरला गेला नाही. ती अंधेरीला एका कारखान्यात पॅकिंगला लागली, सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी मान टाकून परत येते. सुलक्षणाकडे बघून माझा अजून संताप होतो, आणि तो काढायचा कुणावर तेच कळत नाही.

परवा तिच्याकडे गेले तर ती सुईदोरा घेऊन उशांना अभ्रे शिवत होती. पांढरं मांजरपाट मी लगेच ओळखलं.

"अगं, ते मयताचं कापड ना?"

"मयताचं सीतारामकडून आणलं होतं," तिने दोरा दातांनी तोडला. "हे आमचं. भाव करून घेतलेलं."