मामांचा रुसवा

मामांना आयुष्यात एकदा तरी रुसायचं होतं. माणसं चारधामची इच्छा धरतात, ट्रॅक्टरची धरतात, स्लॅबच्या घराची धरतात. मामांचा ट्रॅक्टरही झाला आणि घरही झालं, रुसणं तेवढं राहून गेलं. आणि रुसणं म्हणजे घरच्या घरी तोंड फिरवणं नव्हे. लग्नात वरपक्षाकडचा मानाचा पाहुणा रुसतो तसं त्यांना रुसायचं होतं: भिंतीकडे तोंड करून, ऐन पंगतीच्या वेळी, चार माणसं हात जोडून उभी असताना.

ही संधी त्यांना मिळणं अवघडच होतं. मामांना चार बहिणी, त्यातली थोरली माझी आई. पुढे बहिणींना मुलीच झाल्या आणि मामांनाही तीन मुली, मुलगा नाही. म्हणजे माणूस जन्मभर मुलीकडचा. आमच्या गोतात कुठंही मुलीचं लग्न निघालं की राहात्याला मामांकडे पहिला निरोप जायचा, "जानवसा तुमच्याकडं." कार्यालयात वरपक्षाला ज्या खोल्या देतात तो जानवसा. तिथला चहा वेगळा, नाश्ता वेगळा, गाद्या वेगळ्या आणि नखरेही वेगळे. त्या दारात हातात ट्रे घेऊन मामा उभे असत. त्यावरून सगळे त्यांना 'जानवशाचे मामा' म्हणत आणि पेरूच्या बागेपेक्षा याच कामासाठी त्यांना जास्त लोक ओळखत.

माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचे थोरले काका रुसले. मानाची टॉवेल-टोपी मिळाली, पण टोपी डोक्यात शिरेना. काकांचं डोकं खरोखर मोठं होतं, पण तसं बोलणार कोण? ते गादीवर आडवे झाले आणि भिंतीशी बोलू लागले. तिकडे मुहूर्त जवळ आला, वडिलांचा चेहरा उतरला. मामा आत गेले, काकांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं बरोबर हाय. आमचंच चुकलं. काय चुकलं ते मागनं सांगा, आधी च्या घ्या." काकांनी चहा घेतला. चहा पोटात गेलेल्या माणसाला पुन्हा भिंतीकडे वळणं जमत नाही, हे मामांना ठाऊक होतं. हेच वाक्य त्यांनी शेकडो पाहुण्यांना ऐकवलं असेल आणि ते कधी वाया गेलं नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे रुसवे काढून मामा त्यातले दर्दी झाले होते. लग्नाहून परतताना जेवण कसं होतं हे ते सांगत नसत, कोण कसं रुसलं ते सांगत. "नवरदेवाचा मावसा काय रुसला म्हनून सांगू! डोळं मिटून पडला, पर कान हिकडंच. त्याला म्हनत्यात रुसनं." एखाद्याने दोन मिनिटांत ऐकलं की मामांचा हिरमोड व्हायचा. "उगं आपलं नावाला. आमची समदी तयारी वाया गेली." त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणायचे, "रुसायला मनवनारं मानूस लागतंय. मनवायला कुनी नसलं, तर ते नुसतं उपाशी ऱ्हानं झालं."

हे मत अनुभवातून आलेलं होतं. एकदा त्यांनी घरी रुसून पाहिलं. वांग्याच्या भाजीत कूट कमी पडल्याचं निमित्त करून ते ताटावरून उठले आणि पडवीत कॉटवर जाऊन भिंतीकडे वळले. मामी मागोमाग आल्या. मामांना वाटलं, आता हात जोडणार. मामींनी कपाळाला हात लावून पाहिला, "पोट बिघडलंय वाटतं," म्हणाल्या आणि ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवून आत गेल्या. मामांनी निमूट ओवा खाल्ला. त्यानंतर घरात त्यांनी तो नाद सोडला.

मी नगरच्या एमआयडीसीत पंपांच्या कारखान्यात विक्री बघते. त्या कामासाठी पुष्कळ हिंडावं लागतं. परवापरवाची गोष्ट, हैदराबादला प्रदर्शन होतं. कंपनीने चांगल्या हॉटेलात खोली घेतली होती, क्लब लाउंजसकट, आणि सोबत एक माणूस नेता येत होता. नवऱ्याला रजा नव्हती. मला मामा आठवले. शिर्डीच्या विमानतळावर उतरणारी विमानं रोज त्यांच्या बागेवरून जात आणि मामा पेरू तोडता तोडता वर बघत. मी फोन केला, "मामा, विमानानं हैदराबादला येता का?"

मामांनी विचारलं, "कुनाचं लगीन हाय?"

लग्न नाही म्हटल्यावर त्यांना जायचं कारण कळेना, पण आले. पांढरा लेंगा, इस्त्रीचा सदरा, टोपी आणि पिशवीत पेरू. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, हॉटेल झालं म्हणून काय झालं? काउंटरवरच्या माणसाने आम्हाला कार्ड दिलं आणि लाउंजची माहिती सांगितली. मी ती मामांना मराठीत सांगितली. वरच्या मजल्यावर वेगळी बैठक आहे, तिथला चहा वेगळा, नाश्ता वेगळा, संध्याकाळचं खाणं वेगळं. हवं तेव्हा जा, हवा तितका वेळ बसा. बाकीचे पाहुणे खाली, वर फक्त कार्डवाले.

मामा म्हणाले, "म्हंजे जानवसा."

"तसंच."

"आन् आपुन कुनाकडचे?"

मी म्हणाले, "मुलाकडचे."

मामांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट बसवली. लिफ्टमध्ये ते आरशात स्वतःकडे बघत होते. मला त्यांचा चेहरा बघून हसू आलं आणि तेवढ्यात डोक्यात खोडी आली. मी म्हणाले, "मामा, आता संधी आहे. उद्या सकाळी रुसून घ्या."

"हितं?" मामा लाजले. पण नाही म्हणाले नाहीत.

सकाळी आम्ही लाउंजमध्ये गेलो. मऊ खुर्च्या, मंद उजेड, काचेतून खाली सगळं शहर. चारसहा माणसं लांब लांब बसलेली, कुणापुढे लॅपटॉप, कुणाच्या कानात बोंडं. मामांनी सगळ्यांना नमस्कार केला, कुणी वर पाहिलं नाही. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "मंगल, ही वऱ्हाडी मंडळी एकमेकांशी बोलत न्हाईत. समदेच रुसलेत का काय?"

मग ते चहाकडे वळले. कपात गरम पाणी, दोऱ्याला बांधलेली पुडी, दूध वेगळ्या भांड्यात, साखर कागदात. "ह्यो च्या न्हाई, च्याचं सामान हाय," मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. निमित्त सापडलं होतं! जानवशात पाहुण्याने आपला चहा आपण करायचा, याहून मोठा अपमान कोणता? त्यांनी खिडकीजवळची खुर्ची काचेकडे वळवली, खोलीकडे पाठ केली आणि हाताची घडी घालून रुसले.

मी लांबून बघत होते. काय बैठक होती! मान ताठ, टोपी किंचित पुढे. पण कुणी येईना. लाउंजची सगळी रचनाच अशी की पाहुण्याला त्रास होऊ नये. कुणी पाठ फिरवून बसला तर त्याला एकांत हवाय असं समजून लोक आणखी लांबून जातात. मामा मधूनच हळूच मान वळवून बघत आणि पुन्हा काचेकडे वळत. इतक्या वर्षांची इच्छा अशी वाया जाताना मला बघवेना. तिथे चहापाणी बघणारी एक पोरगी होती, काळा कोट, काळे बूट. तिला मी हिंदीत सांगितलं, "आमचे मामा नाराज झालेत. चहा कुणी करून दिला नाही म्हणून."

पोरगी घाबरीघुबरी झाली. पळत जाऊन आतून दुधाचा, आलं घातलेला चहा करवून आणला आणि ट्रे घेऊन मामांच्या मागे उभी राहिली. "सर, सॉरी सर. आप के लिए चाय."

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण वळले नाहीत.

"सर, प्लीज सर. गलती हो गया हमारा."

मामांनी मान हलवली, नाही. खरं सांगते, इतका देखणा रुसवा मी पाहिला नाही. डोळे मिटलेले, कान मागे. मीही श्वास रोखून धरला. आणखी थोडं ताणलं असतं तर जन्माचं पारणं फिटलं असतं. तेवढ्यात मामांनी डोळे किलकिले करून काचेत पाहिलं. काचेत ती पोरगी दिसत होती. हातातला ट्रे सरळ धरून तिने एक टाच बुटातून बाहेर काढली होती आणि तो पाय दुसऱ्या पायावर टेकवला होता.

मामा उठले. चाळीस वर्षं जानवशाच्या दारात उभा राहिलेला माणूस तो. टाच का वर येते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. "पोरी, कवापासनं हुबी हायस?" म्हणाले आणि तिला खुर्ची दाखवली, "बैठो. पाय दुखता है ना, बैठो." ती बसेना, तिला बसायची परवानगीच नव्हती. मग मामांनी तिच्या हातातून ट्रे घेतला. "ही बसली तरच मी च्या घेनार," असं मला बजावून ते कामाला लागले.

पुढची मजा विचारू नका. मामा प्रत्येक लॅपटॉपसमोर जाऊन उभे राहिले. "घ्या घ्या, लाजू नका." नको म्हणणाऱ्याला जास्त आग्रह. पिशवीतले पेरू निघाले, फोडी झाल्या, मीठ-तिखट भुरभुरलं. एका साहेबाने कानातली बोंडं काढून विचारलं की हे फळ मेन्यूत कुठे आहे. दुसरा म्हणाला, आमच्या आजोळी असाच पेरू होता. बघता बघता लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. तेवढ्यात तिथला मॅनेजर आला. खुर्चीच्या कडेवर टेकलेली पोरगी ताडकन उठली. मामा पुढे झाले, मॅनेजरच्या हातात पेरूची फोड ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं बरोबर हाय. आमचंच चुकलं. काय चुकलं ते मागनं सांगा, आधी ह्ये घ्या." मराठी त्याला कळली नसावी, पण फोड त्याने खाल्ली. पोरगीला तो काही बोलला नाही.

परतीच्या विमानात मामा खिडकीला नाक लावून बसले होते. राहात्याच्या बागा खाली दिसू लागल्यावर म्हणाले, "जमला आसता गं रुसवा. लई भारी लागला हुता. पर तिच्या पायाकडं बघायला नको हुतं."

ऑफिसात लोक मला विचारतात, क्लब लाउंजचे जास्तीचे पैसे द्यावेत का? मी सांगते, दिवसभर बाहेर भटकणार असाल तर देऊ नका. दुपारी खोली सोडून संध्याकाळपर्यंत कुठंतरी टेकायचं असेल, तर जरूर द्या. आणि रुसायला जाणार असाल, तर मनवायला माणूस बरोबर न्या, तिथं मिळत नाही.

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या आजारात. कुणाला धावपळ करू दिली नाही. दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर माणूस मावत नव्हतं. ज्यांचे ज्यांचे रुसवे मामांनी काढले होते ते सगळे आले होते. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. थोरले जावई हात जोडून पुढे झाले, "मामींची काळजी करू नका." कावळा हलला नाही. मधले म्हणाले, "बाग आम्ही बघू." कावळ्याने मान फिरवली. धाकट्या जावयांनी तर न विचारताच तीनचार गोष्टी कबूल केल्या. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन जावई, सगळे व्याही, सगळे मानाचे पाहुणे, भर उन्हात हात जोडून ओळीने उभे! मला रडता रडता हसू फुटलं. मी म्हणाले, "थांबा गुरुजी. घाई करू नका. मामा रुसलेत."

मामींनी पदराआडून वर पाहिलं. त्यांना कळलं. "रुसू द्या," त्या म्हणाल्या, "आज मी ओवा देनार न्हाई."

मग माझे चुलतसासरे काठी टेकत पुढे आले, तेच मोठ्या डोक्याचे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि झाडाकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमचं बरोबर हाय. आमचंच चुकलं."

तरीही कावळा आला नाही. मला आतून फार बरं वाटलं. सगळे उन्हात तसेच उभे राहिले. मामांची धाकटी मुलगी पिंडाजवळ पाण्याचा तांब्या धरून अनवाणी उभी होती. दगड तापला होता. तिने एक पाय उचलला आणि दुसऱ्या पायावर टेकवला.

झाडावरून कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मामांनी पुन्हा पायाकडे बघितलं होतं.