हिरोच्या मित्राचं काम

ज्या काळी सोलापुरात शुक्रवारी नवा सिनेमा लागला की तिकिटाच्या खिडकीपाशी शर्टाची बटणं तुटायची, त्या काळी गुरुलिंग आणि अमरेश कॉलेजात होते. अमरेशच्या वडिलांचं बाजारात भुसार मालाचं दुकान. गुरुलिंगचे वडील ईरप्पा गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यापासून घरीच बसून होते. दोन्ही घरं लिंगायत, दोन्ही घरांत निम्मं बोलणं कन्नड आणि निम्मं मराठी, त्यामुळे पोरांची दोस्ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. गुरुलिंगचा हात बारीक, म्हणून खिडकीत हात घालायचं काम त्याचं. पैसे अमरेशचे.

आत अंधार झाला की दोघांना बरं वाटायचं. तेव्हाच्या सिनेमांत जिवलग मित्र हटकून असायचे. एका मोटारसायकलवर बसून गळ्यात गळा घालून गाणं म्हणायचे, एकमेकांसाठी छातीवर गोळी घ्यायचे. पडद्यावर त्यांनी मिठी मारली की खाली हमाल, विडीवाले, कॉलेजची पोरं, सगळी डोळे पुसायची. अशा वेळी अमरेशचा हात हळूच गुरुलिंगच्या हातात यायचा. गुरुलिंगला वाटायचं, आपण जगावेगळं काय करतोय? समोर चाललंय तेच तर करतोय.

पण त्याच सिनेमांत आणखी एक माणूस असायचा. मध्येच कुठूनतरी कंबर हलवत यायचा, मनगट वाकवून बोलायचा, हिरोच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि हिरो तो हात झटकायचा. थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं. पहिल्यांदा असा प्रसंग आला तेव्हा अमरेश पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याने आपला हात काढून घेतला. गुरुलिंग त्याच्याहून मोठ्याने हसला. पुढे त्याला सवयच लागली. तो माणूस पडद्यावर दिसला रे दिसला की गुरुलिंग सगळ्यांच्या आधी हसायचा. घरी टीव्ही आल्यावरही तेच. विनोदी कार्यक्रमात कुणीतरी बाप्या साडी नेसून मुरकायचा आणि आई चंद्रव्वा, थोरली बहीण सिद्धेश्वरी, अप्पा, सगळे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. गुरुलिंगला कळून चुकलं होतं की जो आधी हसतो, त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही.

अमरेशचं लग्न ठरलं, मुलगी दुधनीची, राजेश्वरी. अमरेशने हे सांगितलं तेव्हा दोघं सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसले होते.

"अप्पा ऐकंना गेलेत रे. मी काय करू?" अमरेश म्हणाला.

गुरुलिंगला दुसरं काही सुचलंच नाही. पडद्यावरचा मित्र अशा वेळी काय करतो ते त्याला पाठ होतं. तो हसला आणि म्हणाला, "काय करू म्हंजे? लगीन कर की. वरातीत मी नाचतो, बघ."

आणि तो खरंच नाचला. दुधनीच्या लोकांनी तोंडात बोटं घातली. नवरदेवाला दोस्त असावा तर असा, असं म्हाताऱ्या म्हणाल्या. सिनेमातला मित्र त्याग करतो आणि शेवटच्या रिळात मरतो, त्याच्या फोटोला हार घातला की 'समाप्त'ची पाटी लागते. गुरुलिंगला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दात घासायचे होते, आईला दूध आणून द्यायचं होतं, आणि त्याच्या पुढचा दिवस, आणि त्याच्याही पुढचा.

मग गावात केबल आली. गुरुलिंग एका केबलवाल्याकडे लागला. तिमजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची खोली, बाहेर डिश, आत यंत्रं आणि कॅसेटी. गल्लीतल्या बायकांसाठी दुपारी एक सिनेमा लावायचं काम त्याच्याकडे होतं. दुपारी बाजार जेवायला उठला की अमरेश कधी कधी जिना चढून वर यायचा. पत्रा तापलेला असायचा, पंखा गरम वारा फेकायचा. गुरुलिंग कॅसेट लावायचा आणि दाराला कडी घालायचा. तीन तास गल्लीतला प्रत्येक टीव्ही एकच सिनेमा दाखवत असायचा, आणि तोवर कुणी वर येणार नव्हतं. सिनेमा संपायच्या आत अमरेश उठून शर्ट नीट करायचा आणि खाली उतरायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. पण अख्खी सकाळ किंवा अख्खी संध्याकाळ दोघांनी कधी एकत्र काढली नाही. त्यांना मिळालं ते एका सिनेमाएवढं.

गुरुलिंगने लग्न केलं नाही. स्थळं आली, आईने उपास केले, आधी अप्पा गेले, शेवटी आई गेली. सिद्धेश्वरी विधवा होऊन माहेरी आली आणि सोलापूरच्याच शेळगी भागात दोन खोल्यांत भाऊ-बहीण राहू लागले. केबलची खोलीही पुढे बंद झाली. प्रत्येक घरावर स्वतःची छत्री आली, मग मोबाइल आले. गुरुलिंग सेट टॉप बॉक्स बसवायचं काम करू लागला.

एकदा अमरेशच्या छातीत दुखलं. बातमी कळताच गुरुलिंग होता तसाच दवाखान्यात धावला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पेशंटचं कोण आहे?" तो उठून उभा राहिला. तेवढ्यात बाकावरून राजेश्वरी उठली, अमरेशचा मुलगा बसू उठला. गुरुलिंग परत खाली बसला. अमरेश त्यातून निभावला.

ज्या दिवशी कोर्टाने असं प्रेम गुन्हा नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी गुरुलिंग अमरेशच्या दुकानात होता. भिंतीवरच्या टीव्हीत पोरं रंगीत झेंडे नाचवत, रडत, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. तूरडाळ घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता काय बघायचं ऱ्हायलं!" अमरेशने रिमोट उचलला आणि क्रिकेट लावलं. गुरुलिंगने डाळीत हात घालून तो तसाच ठेवला, उगीच.

त्यानंतर काही वर्षांनी अमरेशनेच एका दुपारी फोन केला. आवाज बारीक होता. "गुरू, एक मालिका आलीय मोबाइलवर. माझ्या खात्यावरनं बघ, पासवर्ड देतो. एकट्यानं बघ."

मालिकेत दोन उतारवयाचे पुरुष एका शहरात फ्लॅट घेऊन राहत होते. गुरुलिंग आधी सवयीने वाट बघत बसला, आता कुणी मुरकेल, आता कुणीतरी मरेल. तसं काही झालं नाही. एकाने ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून दुसरा चिडला. गॅस संपला. वरण करपलं. एका भागात त्यातला एक आजारी पडला, दवाखान्यात बाईने दुसऱ्याला विचारलं, तुम्ही कोण यांचे? तो म्हणाला, घरचाच. गुरुलिंगने मोबाइल पालथा ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडला, बाहेर भाकरी थापत बसलेल्या सिद्धेश्वरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्याला मनातून रागच आला होता. हे सगळं असं असतं, हे आता दाखवता? केस पांढरे झाल्यावर?

तरी ते दिवस सुखाचे गेले. अमरेश दुकानात आडोशाला बसून बघायचा, गुरुलिंग आपल्या घरी, आणि मग फोन व्हायचे.

"टॉवेल कोण टाकला असता, तू का मी?" अमरेश विचारायचा.

"तूच. लाडात वाढलेला तू."

"आन् तू भांडला असता?"

"लई भांडलो असतो," गुरुलिंग म्हणायचा.

बसूचं लग्न जमलं. एका रविवारी दुपारी अमरेशने मुलीकडच्या माणसांना घरी जेवायला बोलावलं. घरचेच म्हणून गुरुलिंगला आणि सिद्धेश्वरीलाही बोलावणं होतं. गव्हाची गोड हुग्गी झाली, वर तूप झालं, माणसं सैलावून बसली. साखरपुड्याचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवावेत म्हणून बसूने बाहेरच्या खोलीतला नवा टीव्ही लावला. हा टीव्ही बसूनेच आणला होता, आणि त्यावर वडिलांचं खातं उघडूनही त्यानेच ठेवलं होतं. लावताच समोर, 'पाहणं सुरू ठेवा' या ओळीखाली ते दोन पुरुष आले. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर.

मुलीचा मामा तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत हसला. "हे असलं कोण बघतंय हो तुमच्यात?"

बसू वडिलांकडे बघू लागला. अमरेशचा चेहरा पांढरा पडला, आणि मग तो हसला. ते हसू गुरुलिंगने थिएटरात किती वेळा ऐकलं होतं.

"आमच्या गुरूचे धंदे हायत, दुसरं कोण!" अमरेश म्हणाला. "लगीन न्हाई, संसार न्हाई. हितं येऊन माझ्या खात्यावर असलं बघत बसतो!"

सगळी खोली गुरुलिंगकडे वळली. त्याला अमरेशच्या कपाळावरचा घाम दिसला. शांतता आणखी क्षणभर टिकली असती तर कुणालातरी काहीतरी कळलं असतं. गुरुलिंग उठला. हात पुसायचा नॅपकिन त्याने पदरासारखा खांद्यावर टाकला, मनगट वाकवलं, आणि कंबर हलवत मामाच्या पुढ्यातून चालत गेला.

"मग काय करू गं बाई! मला मेलं कुणी पसंतच करंना!"

खोली हसून हसून आडवी झाली. मामाला ठसका लागला. बसू टाळ्या पिटत ओरडला, "गुरुकाका, वन्स मोअर!" सिद्धेश्वरीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, मग भावाच्या डोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचं हसू थांबलं. स्वयंपाकघराच्या दारात राजेश्वरी तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती हसली नाही. वाटी फडताळावर ठेवून ती आत गेली ती पाहुणे निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्या दिवशी अमरेशचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी गुरुलिंगने मोबाइलवर मालिका उघडली तर पुन्हा पासवर्ड विचारला गेला. जुना चालेना. अमरेशने बदलला होता. मग अमरेशचे फोन येऊ लागले, ते गुरुलिंगने घेतले नाहीत.

आठवड्याने अमरेश शेळगीला आला. सिद्धेश्वरी दळण आणायला गेली होती. खुर्ची असूनही तो दारातल्या पायरीवरच बसला.

"चुकलं माझं, गुरू. तोंडातनं निघून गेलं. लई भ्यालो मी."

"तू भ्यालास त्याचं मला काय न्हाई," गुरुलिंग म्हणाला. "मीबी भ्यालो असतो."

"मग फोन का घेईनास?"

"अमरेश, मला ते किती झकास आलं, बघितलंस का? चालणं, हात, आवाज. कुणी शिकवलं होतं मला? कधी करून बघितलं होतं? तरी आलं. जन्मभर तेवढंच तर दाखवलं आपल्याला. एक ते, आन् एक हिरोचा मित्र. दोन्ही कामं केली मी तुझ्यासाठी. आता माझ्याच्यानं हुईना गेलंय."

"म्हंजे?"

"येऊ नको आता."

अमरेश रडला. इतक्या वर्षांत गुरुलिंगने त्याला थिएटराबाहेर रडताना पाहिलं नव्हतं. त्याचा हात त्या पाठीकडे गेलाही, पण समोरच्या घरातली बाई वाळवण काढायला बाहेर आली होती. अमरेशने तोंड पुसलं, चप्पल घातली आणि तो गेला.

बसूच्या लग्नाला गुरुलिंग गेला नाही. ताप आलाय असं कळवलं. सिद्धेश्वरी एकटी जाऊन आली. येताना राजेश्वरीने गुरुलिंगसाठी डबा दिला होता आणि निरोप सांगितला होता, "भावजींना म्हणावं, जिवाला जपा." एवढंच. त्यात काय होतं आणि काय नव्हतं, याचा गुरुलिंगने पुष्कळ विचार केला, पण उलगडा झाला नाही. मालिकेचे शेवटचे भाग बघायचे राहिले ते राहिलेच. महिन्याचे पैसे भरून स्वतःचं खातं त्याला सहज काढता आलं असतं. त्याने काढलं नाही.

एका संध्याकाळी भाऊ-बहीण जेवायला बसले होते. टीव्हीवर नेहमीचा विनोदी कार्यक्रम लागला. साडी नेसलेला नट आला, हशा झाला, आणि सिद्धेश्वरीने हात लांबवून टीव्ही बंद केला.

"तम्मा," ती म्हणाली. लहान भावाला ती अजून कन्नडात तम्माच म्हणायची. "त्या दिशी मीबी हसले."

"हसायचंच होतं की ते."

"न्हाई." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. "एक विचारू? तुझं कुणी होतं का रे?"

गुरुलिंगने ताटातली शेंगाचटणी बोटाने एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला.

"होतं," तो म्हणाला.

सिद्धेश्वरीने कोण ते विचारलं नाही. खाली बघत तिने मान हलवली, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, "मला सांगायचं की रे. इतकी वर्सं एका घरात हाय आपण."

"काय म्हणून सांगायचं, अक्का? त्याला काय म्हणत्यात, तेच मला कुटं ठाऊक होतं."

बाहेर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तोच कार्यक्रम चालू होता, भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता. सिद्धेश्वरी उठली, खिडकी लावून आली, आणि भावाच्या ताटात गरम भाकरी टाकून म्हणाली, "ऊट माड. जेव आता."

दोघं जेवले. बोलणं पुढे झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.