हरण्याच्या कपाळावरचं कुंकू

यंदाच्या बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, पलूसमध्ये माझी चांगलीच तारांबळ उडाली. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय, आज लिहितो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जुना पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळाच्या भिंती, सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात गेले... गावात मात्र अजून सगळे मला पेंटरच म्हणतात.

शेजारच्या मळ्यातले बाबूतात्या पावसाळ्याच्या सुरुवातीला घरी आले. त्यांचा हरण्या बैल म्हातारा झाला होता, बसला की लवकर उठत नव्हता. "पेंटर, पुढल्या सालचा बेंदूर काय ह्यो बगंल असं वाटत न्हाई," म्हणाले, "बेंदराच्या आत त्याचं चित्र करून द्या. पूजेला त्याच्या शेजारी ठेवायचंय."

मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढा आणि फ्लेक्सवर मोठा करून आणा. तर म्हणाले, "फ्लेक्सवर पुढारी असत्यात. माझा बैल गरीब हाय, त्याला न्हाई नेऊन बसवायचा तिथं."

हो म्हणून बसलो. आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

सून स्वाती साताऱ्याला शाळेत ड्रॉईंग शिकवते. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, ऍक्रिलिक रंगच घ्या. पावसाळ्यात ऑइल वाळायचं नाही. ऍक्रिलिक अर्ध्या तासात कोरडं." एसटीनं पार्सलसुद्धा पाठवलं.

तिचं खरं होतं. ऍक्रिलिकला टर्पेंटाईनचा वास नाही, पाण्यात ब्रश धुवायचा, वाळायची काळजी नाही. मागचं शेत आणि आभाळ मी एका सकाळीत उरकलं. मनात म्हटलं, उगाच घाबरत होतो.

मग बैल सुरू केला आणि अडलं. खिलार बैलाच्या मानेवर पांढऱ्यातून करडा कसा अलगद उतरतो, ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना कळेल. हात आता थरथरतो, त्यामुळे मी सावकाश काम करतो. पांढऱ्याला करडा मिळवायला जावं, तोवर पांढरा वाळून बसलेला... मानेवर ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं. दोनदा केलं, दोनदा तसंच.

ऑइलची गोष्ट वेगळी. ते थांबतं. आज लावलेला रंग उद्याही बोटानं हलवता येतो. माझ्यासारख्या हळू माणसाला तेच जमतं.

शेवटी ठरवलं, मागचं ऍक्रिलिक राहू दे, वरून बैल ऑइलनं करू. ऍक्रिलिकवर ऑइल चालतं, उलटं चालत नाही, एवढं माहीत होतं. बैल मात्र मनासारखा उतरला. डोळा तर असा झाला की तात्या वाकून वाकून बघत राहिले.

पण वाळेना! त्यात पांढरा रंग सगळ्यात सावकाश वाळणारा, आणि बैल पांढराशुभ्र. बाहेर पावसाची झड. मी तासातासाला उठून कोपऱ्याला बोट लावून बघायचो. बायको म्हणाली, "आवं, तुमीच पुसून काडाल त्याला."

बेंदूर उजाडला, चित्र ओलंच. तात्यांच्या गोठ्यात खुर्चीवर ठेवलं आणि आल्यागेल्या प्रत्येकाला बजावलं, लांबूनच बघा, हात लावू नका. तात्यांच्या घरच्या काकू तेवढ्या वेळात घरात पुरणपोळ्या लाटत होत्या. त्यांना सांगायचं राहिलं.

हरण्याची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. काकू ताट घेऊन आल्या. त्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पोळी भरवली. मग तशाच वळल्या आणि चित्राच्या कपाळावर अंगठा दाबून कुंकू लावलं.

मी ओरडलोच. काकू दचकल्या, म्हणाल्या, "का वं? त्याला लावलं, न् ह्याला न्हाई लावायचं व्हय?"

ओल्या रंगात कुंकू रुतून बसलेलं, वर अंगठ्याचा ठसा. मी खिशातून फडकं काढलं. तात्यांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या पेंटर. बेंदराला बैलाचं कपाळ पुसत्यात व्हय?"

मी फडकं खिशात घातलं, पण मनातून गेलं नाही. एवढी मेहनत, आणि ऐन कपाळावर डाग... लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला. ठरवलं, पूर्ण वाळलं की जाऊन त्यावर पांढरा मारून कपाळ नीट करू.

दिवाळीच्या आधी हरण्या गेला. तात्यांनी बांधावरच त्याला माती दिली. लगेच जाऊन चित्राचं बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून थांबलो.

काल गेलो, पिशवीत ब्रश आणि पांढरा रंग घेऊन. चित्र बाहेरच्या सोप्यात भिंतीवर लावलंय. नेहमीच्या सवयीनं आधी बोट लावलं. कडक वाळलेलं. कुंकवावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी रोज झाडताना बगती. माझ्या हातचं शेवटचं कुंकू ते. जाईल का वं कवा?"

"न्हाई जायाचं," मी म्हणालो. चहा प्यायलो आणि पिशवी न उघडता घरी आलो.

रात्री स्वातीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघा, तरी मी म्हणत होते ऍक्रिलिक घ्या. बेंदराआधीच वाळलं असतं, कुंकू ओल्या फडक्यानं सहज पुसलं गेलं असतं."

म्हटलं, "होय गं पोरी... पुसलं गेलं असतं."