तुळजाबाईच्या चान्या

तुळजाबाईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिनं नुकती साठी ओलांडली होती. डावा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि जिभेची चवच मेली. सून रश्मी वरणभात, दूधभाकरी, शिरा असं काही ना काही समोर ठेवायची. म्हातारी घास तोंडात घोळवायची आणि बाहेर काढायची. "माती लागती गं," म्हणायची.

मुलगा विनोद रांजणगावला कंपनीत ऑपरेटर होता. शिरूरमध्ये बन्सीआप्पांच्या माडीवर दोन खोल्या घेऊन तिघं राहत होती. आप्पा बागायतदार माणूस. खोल्या देतानाच ते म्हणाले होते, "तुम्ही बौद्ध हाय, त्याचं मला काय न्हाई. भिंतीला काय फोटू लावायचा तो लावा. पर मोठ्या जनावराचं मटन माझ्या घरात शिजता कामा नये." विनोदनं मान डोलावली होती. मागल्या दोन ठिकाणी तर आडनाव ऐकूनच खोली नाकारली होती.

एका दुपारी तुळजाबाई सुनेला म्हणाली, "चानी मिळाली आसती तर तोंडाला चव आली आसती."

रश्मी दौंडची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. तिनं चान्या आजीकडं पाहिल्या होत्या. पूर्वी गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम महारवाड्याचं असे आणि त्याचं मांस हीच त्याची मजुरी. एवढं मांस एका दिवसात कोण खाणार? मग बाया त्याच्या लांब पातळ पट्ट्या कापत, मीठ-हळद लावून दोरीवर कडक वाळवत आणि मडक्यात भरून ठेवत. कामं नसलेल्या पावसाळ्यात त्याच पट्ट्या निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर कुटून कालवणात टाकायच्या. तुळजाबाईचा हात यात वाखाणलेला होता. तिनं कापलेल्या पट्टीतून पलीकडचा उजेड दिसे.

पण तिच्या लग्नानंतर वर्षभरातच वस्तीनं दीक्षा घेतली. तिचा नवरा मच्छिंद्र सगळ्यांत पुढं होता. मेलेलं ओढायचं नाही आणि खायचंही नाही, असं ठरलं. गावानं काम बंद केलं, गिरणीत दळण घेईनात, मच्छिंद्रला पाणवठ्यावर काठ्यांनी झोडपलं, तरी वस्ती हलली नाही. तुळजाबाईनं आपली मडकी स्वतःच्या हातानं घोडनदीत नेऊन फोडली होती.

तीच बाई आता चानी मागत होती. रश्मीला तिची दया आली. उन्हाळ्यात माहेरी गेली तेव्हा तिनं दौंडच्या बाजारातून मोठ्याचं मांस आणलं, आईकडून पट्ट्या कापून घेतल्या आणि डब्यात घालून एसटीनं शिरूरला आणल्या. गच्चीवर टाकीच्या आडोशाला दोरी बांधली. अलीकडं कुरडया वाळत घातल्या, म्हणजे कुणी तिकडं जाणार नाही.

माणसं गेली नाहीत, कावळा गेला. एक पट्टी त्यानं उचलली आणि खाली बन्सीआप्पांच्या तुळशीपाशी टाकली.

विनोद पहिली पाळी करून आला तेव्हा आप्पा दारातच उभे होते. पट्टी त्यांनी कागदावर घेतली होती. आवाज अजिबात चढवला नाही.

"विनोदराव, हे काय हाय?"

विनोदनं ओळखलं.

"तुमी शिकल्याली माणसं म्हणून जागा दिली. हे म्हातारीचंच काम. तिला गावाकडं सोडा, न्हाईतर खोल्या खाली करा. उद्याच्याला."

विनोद माडीवर आला. गच्चीवरच्या सगळ्या चान्या ओरबाडून त्यानं परातीत आणल्या आणि आईपुढं आदळल्या.

"खा."

"अहो, मेलेलं नाही हो," रश्मी म्हणाली. "कसायाकडून विकत घेतलंय."

"बघणाऱ्याला काय फरक? आई, खा म्हणतो ना! सगळं संपव."

तुळजाबाईनं उजव्या हातानं एक पट्टी उचलली. अजून ओलसर, कच्चीच होती ती. हिरड्यांनी चावू लागली. लाळ हनुवटीवर आली. विनोद समोर बसून पाहत राहिला. दुसरी पट्टी त्यानंच तिच्या हातात दिली. रश्मीनं परात ओढायला हात घातला, तेव्हा त्यानं तिला ढकलून दिलं.

"ह्याच्यासाठी आबांनी मार खाल्ला?" तो आईला म्हणाला. "त्यांनी तुझ्या हातचं पाणी का सोडलं, ते आज कळलं मला."

तुळजाबाईनं तोंडातलं गिळलं.

"आज कळलं व्हय? मग समदं ऐक. भात्तरच्या दुस्काळात तुझी भन माझ्या मांडीवर गेली. अंगावर दूध न्हवतं. तू तीन वर्साचा. सरकारी सुकडी पचना, मिलो जवारीची भाकर गिळना. पोट ह्ये एवढं आलं हुतं, मान धरना. नदीच्या पात्रात ढोरं मरून पडल्याली. मी गेले कोयता घिऊन. चान्या वाळवल्या, पीठ केलं, आन् सुकडीत कालवून तुला चारलं. म्हैनाभर. मी बोटसुदिक चाटलं न्हाई. तुझ्या बाला कळलं. मारलं न्हाई त्यानं. निस्तं माझ्या हातचं पाणी सोडलं, ते मरस्तवर."

ज्या माणसानं गावच्या पाण्यासाठी डोकं फोडून घेतलं होतं, त्यानं घरात तेरा वर्षं वेगळा माठ ठेवला होता. आईबापांचं भांडण दुसऱ्याच कशावरून तरी असेल, असं विनोद लहानपणापासून धरून चालला होता.

तो उठून मोरीपाशी गेला. त्यानं चूळ भरली. परत येऊन म्हणाला, "मरू द्यायचं होतं मला."

तुळजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग परात पायानं लांब सरकवली. त्यानंतर ती मुलाशी कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी विनोदनं जीप करून तिला गावी नेलं, वस्तीतलं बंद घर झाडून दिलं आणि शेजारच्या धुरपदाबाईला भाकरीतुकडा बघायला सांगितलं. महिन्याकाठी तो पीठमीठ घेऊन जाई, उंबऱ्यात पिशवी ठेवून लगेच निघे. रश्मी दोनदा निघाली होती. दोन्ही वेळा त्यानं तिला एसटी स्टँडवरून परत आणलं. तिसऱ्यांदा ती निघालीच नाही.

तुळजाबाई पुढल्या उन्हाळ्यात गेली. धुरपदाबाईनं सकाळी दार ढकललं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती आणि आदल्या दिवसाची भाकरी तशीच पडली होती.

पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली. कंपनीतले मित्र आले. बन्सीआप्पाही येऊन पुढच्या खुर्चीत बसले. वंदना झाल्यावर विनोद माइकपाशी उभा राहिला.

"माझ्या आबांनी आणि आईनं मिळून शब्द दिला होता," तो म्हणाला. "बहात्तरच्या दुष्काळात आईचं मूल गेलं. चारी बाजूंनी ढोरं मरून पडली होती. पण तिनं त्या मांसाला हात लावला नाही. मीही उपाशी मेलो असतो, तरी तिनं तो शब्द मोडला नसता."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी मान हलवली. बायकांच्या रांगेत धुरपदाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या रश्मीला म्हणाली, "आशी माणसं आता कुठं ऱ्हायली गं?"

"न्हाई ऱ्हायली," रश्मी म्हणाली आणि जेवणाचं बघायला उठली.