तुलनेसाठी आणखी एक

सुनेने न मागता चहा आणून दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बाबा, मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे. सब्जेक्ट पाहिजे. बसता काय?"

सून बाहेरून एम.ए. करते हे खरं. पण आठवड्यापूर्वीच मी स्कूटरने सीताबर्डीला गेलो, मेट्रोने परत आलो आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून कॉलनी डोक्यावर घेतली. स्कूटर सीताबर्डीच्या पार्किंगमध्येच मिळाली. तेव्हापासून मुलाचं एकच, आता आराम करा, दुकानात येऊ नका. लकडगंजातलं प्लायवूडचं ते दुकान मी उभं केलेलं. आणि आता म्हणे स्मरणशक्तीचा प्रयोग! मी काय दुधखुळा आहे?

"निकाल कोणाले दाखवशील?"

"कोणालेच नाही. नावही लिहीत नाही. तुलनेसाठी तुमच्या वयाचं आणखी एक माणूस लागते, तर आईले घेईन. पण तुमच्या वेळी त्या बाहेर बसतील. नाहीतर शब्द आधीच ऐकून घेतील ना."

बाहेर? म्हणजे साक्षीदारच नको! मी अडून बसलो. बायको समोर असेल तरच बसेन. सुनेने कपाळावर हात मारला, पण शेवटी ऐकलं.

तिने एकेक शब्द सावकाश वाचला. मग मला उलटे आकडे म्हणायला लावले आणि म्हणाली, आता शब्द सांगा. पतंग, कुलूप, चिमणी... चाचपडत आणखी एक सापडला. पुढे सगळं कोरं. बायको खाली मान घालून पदराशी चाळा करत होती.

मग तिची पाळी. यादी तीच, तरी तिला तीनच आठवले!

"बाबा, तुम्ही तर आईपेक्षा हुशार निघाले," सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःहून म्हणाला, चला दुकानात. म्हणजे निकाल त्याच्यापर्यंत पोचला होता. माझा संशय खरा ठरला होता, पण बाजी मी मारली होती. मला भलताच आनंद झाला.

निघताना बायको मेथी निवडत बसली होती. तिला चिडवल्याशिवाय मला राहवेना.

"काहून वं, दोनदा ऐकलं तरी तीनच? ऐक. पतंग, कुलूप, चिमणी..."

मी अडकलो.

"कंदील," मान वर न करता ती म्हणाली. "पाटी, आरसा, नांगर, दोरी, घागर, झोपाळा..." एका दमात तिने यादी संपवली. मग तिचे हात थांबले.

मला भीती वाटली. स्कूटर हरवली तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

"काहून केलं तू असं?"

"तुमाले चार आठवले," ती म्हणाली. "मंग मी तीन सांगितले."

खाली मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता.

"जा दुकानात," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "स्कूटरची किल्ली तेवढी मले देऊन जा."