झाडाखाली भरलेली कॅसेट

बहारीनमध्ये प्रेक्षणीय म्हणून जे काही आहे ते मी एकूणएक पाहिलेलं आहे, आणि त्यातल्या एकाचंही मला कौतुक नाही. आली नावाच्या गावाजवळच्या पुरातन थडग्यांच्या टेकड्या पाहिल्या, तेलाची पहिली विहीर पाहिली, आणि दक्षिणेच्या उजाड माळावर एकटंच उभं असलेलं ते जुनं झाड तर पंधरा-वीस वेळा पाहिलं. हौस म्हणून नव्हे. सित्र्याच्या एका गोदामात मी कारकून होतो आणि एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. बायकोशी चार शब्द खासगी बोलायचे तर शुक्रवारी नमाजानंतर माळावरच जावं लागे.

बोलायचं म्हणजे कॅसेटवर. पत्र गावी गेलं की वडील ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचत. फोन होता तो दुकानात, आणि तिथे निम्मी वाडी कान देऊन उभी. म्हणून रत्नागिरीकडची आम्ही माणसं कॅसेट भरायचो आणि रजेवर निघालेल्याच्या हाती द्यायचो. तिची एक रीत होती. पहिली बाजू घरादाराची: सलाम, तब्येत, कोणाला काय पाठवलं. ती संपली की वडील खोकत अंगणात जात, आई पोरांना हाकलत बाहेर नेई, आणि दुसरी बाजू बायको एकटी ऐके. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण कोणी मोडतही नसे.

त्या वर्षी माझं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. पुन्हा दोन वर्षांसाठी सही करायची की कायमचं घरी जायचं, एवढाच प्रश्न होता. बायकोकडून आलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्याचं उत्तर होतं. "मला स्लॅबचं घर नको. काय नको. तुमी या."

याहून सरळ माणूस काय बोलणार? पण मी पडलो भित्रा. गावी जाऊन करणार काय, वडिलांना सांगणार काय, या विचाराने मला घाम फुटायचा. मला तिच्याकडून ते आणखी एकदा ऐकायचं होतं, म्हणजे उद्या काही बिनसलं तर निम्मा दोष तिच्या पदरात टाकता आला असता. हे आज लिहितो आहे. तेव्हा मी त्याला विचार करणं म्हणत होतो.

अस्करच्या कारखान्यात आमचा एक गाववाला पिकअप चालवायचा. एका शुक्रवारी त्याने आम्हा चौघांना झाडापाशी नेलं. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले. खोडावर दुनियेने आपापली नावं कोरून ठेवली होती, तिथे पाठ टेकून मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला. मुद्द्यावर यायला जीभ धजेना, म्हणून आधी झाडाचंच सांगत बसलो. चारशे वर्षांचं आहे म्हणतात. आसपास पाण्याचा थेंब नाही. कशावर जगतं, कोणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात फोटोवाले जवळ आले, तसा मी उठून वाळूच्या उतारावर उघड्यावर गेलो आणि चालता चालता खरं बोललो. तिच्यावाचून मला इथे करमत नाही, पुढच्या कॅसेटवर तिने फक्त एकदा 'या' म्हणावं, मी सही करणार नाही. बोलताना रडलोही. वारा सुटला होता, शर्ट अंगावर फडफडत होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"यल्ला, खलास झाला काय तुमचा?" गाववाल्याने निघायची हाक मारली. मी कॅसेट काढून खिशात टाकली. परत लावून ऐकायचं सुचलं नाही, आणि खोलीवर ऐकणार तरी कसा?

तिची कॅसेट दीड महिन्याने आली. पुढच्या शुक्रवारी मी आलीच्या टेकड्यांमध्ये एकटा बसलो आणि दुसरी बाजू लावली. कोंबडी ओरडली. भांडं वाजलं. तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे ती टेपसमोर बसली होती. पण शब्द एकही नाही. बाजू संपेपर्यंत मी वाट पाहिली. तिला आता मी यायला नको आहे, असं मी धरून चाललो आणि शनिवारी ऑफिसात जाऊन सही केली. सुटल्यासारखं वाटलं, त्याची अजून लाज वाटते.

घरी गेलो तो दोन वर्षांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा विचारलं, "त्या कॅसेटवर काहीच का बोलली नाहीस?"

तिने ट्रंकेतून माझी कॅसेट काढली आणि लावली. झाडाचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. चारशे वर्षं, पाण्याचा थेंब नाही, कोणालाच ठाऊक नाही. आणि मग वारा. बाजू संपेपर्यंत नुसता भणाणणारा वारा, माझा एक शब्द त्यात नव्हता.

"मी तीन येळा लावली," ती म्हणाली. "म्हटलं, मी या म्हनते, नि हे मला झाड सांगतात. मग मी आनखी काय बोलू?"

वाऱ्यात काय होतं ते मी तिला सांगितलं. आठवेल तेवढं सगळं सांगितलं, 'या' म्हणण्याच्या अटीसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पन मी तर आधीच बोललेली ना, या म्हनून," ती म्हणाली.

बहारीनहून निघण्याआधीच मी पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर सही करून आलो होतो, आणि ते तिला सांगायचं अजून बाकी होतं.