वळायच्या आधी सांगणारी डॉक्टर

नणंदेनं भावजयीचं कौतुक केलं की ऐकणाऱ्याला आधी शंका येते. येऊ दे. मी करणार आहे, आणि हातचं राखून करणार नाही.

माझ्या धाकट्या भावाची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. घरात आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि हिचा पाय त्या ब्रेकवर, अशी तिची रोजची नोकरी. ती सवय अंगात इतकी भिनली आहे की बसमध्ये मागच्या सीटवर बसली तरी वळणावर हिचा पाय खाली दाबला जातो. एकदा आम्ही सिनेमाला गेलो होतो. पडद्यावरची गाडी कड्याकडे निघाली आणि इकडे हिनं माझा अंगठा चेचला. वर मलाच म्हणाली, "सॉरी ताई, पण त्याला वेग आवरता येत नव्हता."

लग्न होऊन आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता तिच्याकडे शिकायला येणारे भले भले लोक घाम पुसत उतरतात. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई म्हणते, आणि अगदीच खोटं म्हणत नाही. एका निवृत्त न्यायाधीशांना तिनं भर चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली होती. "साहेब, वळायचं तर खुशाल वळा, पण आधी इंडिकेटर द्या. तुमच्या मनात काय आहे ते मागच्याला कसं कळणार?" एवढ्या एका वाक्यावर तिची सगळी शाळा चालते.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. गावातल्या डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून मला चष्मा लागला, त्यामुळे कोण कसा आहे हे मला विचारावं असा माझा आपला समज. आमच्या घरात बाळंतपण म्हटलं की एकच दार ठाऊक होतं, मोठ्या डॉक्टरांचं. माझा भाऊ त्यांच्याच हातचा. मास्तरीणबाईंची पहिली मुलगी, आमची छोटी, तीही त्यांच्याच हातची. त्यांच्या हाताला यश आहे, हे मी आजही सांगेन.

त्यामुळे दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा आईनं चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच हुकूम सोडला, "उद्याच मोठ्या डॉक्टरांकडे नाव घालून या."

"नाही आई," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या वेळी मी आधी बघणार आणि मग ठरवणार."

"बघणार? डॉक्टर म्हणजे काय पडद्याचं कापड आहे?"

"पडद्याच्या कापडासाठी तुम्ही अख्खा बाजार पालथा घातला होता, आई."

मला हसू आलं, पण मी ते चहात बुडवलं. भाऊ नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला होता. आई त्या दिवशी सुनेशी बोलली नाही. तिचा रागही समजण्यासारखा होता. पहिल्या वेळी ऑपरेशन झालेलं, आता उगाच नवीन प्रयोग कशाला, असं तिचं म्हणणं. माझंही तेच होतं. म्हणून "ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर," असं ती म्हणाली तेव्हा मी लगेच तयार झाले. हिला फिरवून आणायचं आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांच्याच दारात उभं करायचं, हा माझा बेत.

निघताना तिनं गाडी शाळेच्या मागच्या उतारावर थांबवली. तिथे ती शिकाऊंना चढावर गाडी उभी करायला शिकवते. हात स्टिअरिंगवरच ठेवून म्हणाली, "ताई, छोटी झाली ते मला कोणी सांगितलं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"फरशी पुसणाऱ्या बाईनं. मी शुद्धीवर आले तर खोलीत तीच होती. म्हणाली, मुलगी झाली हो तुम्हाला, छान आहे. त्याआधी मला एवढंच आठवतं, डॉक्टर आले, मशीनकडे बघितलं, नर्सशी काहीतरी बोलले आणि माझ्या तोंडावर मास्क आला. ऑपरेशन करावं लागलं असेल. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी तिथेच होते ना? मला सांगायचं तरी."

त्या दिवशी आम्ही सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा मुलगी झाल्याचं कळलं होतं. जिनं ती पोटात वाढवली तिला मात्र सगळ्यात शेवटी कळलं. बिचारीनं हे इतकी वर्षं मनात ठेवलं आणि आमच्याशी गोड वागत राहिली.

"या वेळी ऑपरेशन झालं तरी चालेल," ती म्हणाली, "पण मला कळल्याशिवाय नको." आणि तिनं गाडी सुरू केली.

मोठ्या डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी मला ओळखलं, आईची चौकशी केली, मास्तरीणबाईंचे जुने कागद बघितले आणि म्हणाले, आधीचं ऑपरेशन आहे तर आपण तारीख ठरवून ऑपरेशनच करू. यात काही चूक नव्हती. मग मास्तरीणबाईंनी विचारलं, "आयत्या वेळी काही बदल करावा लागला, तर मला कधी सांगाल?"

ते प्रेमानं हसले. "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आम्ही आहोत ना."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघ, किती धीर दिला." ती म्हणाली, "धीर दिला, उत्तर कुठे दिलं?"

मग आम्ही नव्या चकचकीत रुग्णालयात गेलो. तिथे दारात कारंजं होतं आणि खोलीतल्या पडद्यांचे रंग निवडायची सोय होती. तिथल्या डॉक्टर तरुण, बोलायला लाघवी. नैसर्गिक प्रसूती हवी? नक्की होईल. नवरा आत हवा? येऊ दे. ऑपरेशनची वेळ आली तर? छे, तसा विचारच करायचा नाही. मला तर तिथून निघावंसंच वाटेना. खुर्च्या इतक्या मऊ होत्या की पाठ म्हणाली, इथेच राहू या.

मास्तरीणबाईंनी मात्र पार्किंगमध्ये येऊन आधी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाल्या, "जो शिकाऊ पहिल्याच दिवशी म्हणतो, मॅडम, काळजीच करू नका, त्याच्या गाडीत मी आधी पट्टा घट्ट करते."

तिसरं ठिकाण जुनं सरकारी रुग्णालय. ते नाव ऐकूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आईला काय सांगायचं? शेजारणीला काय सांगायचं? पत्र्याचे बाक, भिंतींना आजारी हिरवा रंग, रांगेत मागची बाई खोकते ती थेट आपल्या मानेवर. पण ऑपरेशनची खोली बाळंतपणाच्या खोलीच्याच मजल्यावर होती, हे मास्तरीणबाईंनी आल्या आल्या बघून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. केस कसेतरी बांधलेले. पेनचं टोपण दातात. त्यांनी आमच्याकडे न बघताच कागद मागितले, आणि मी मनात म्हटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण. त्यांनी कागद वाचले. मागे जाऊन पुन्हा वाचले. मग टोपण तोंडातून काढलं, स्टूल ओढून हिच्या जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता पोटाला हात लावते. माझा हात गार आहे, दचकाल."

मी शेजारून मास्तरीणबाईंकडे बघितलं. हिचा खाली दाबलेला पाय वर उचलला गेला. मी तिच्या गाडीत इतक्या वेळा बसले आहे की मला त्याचा अर्थ कळला. गाडी चालवणाऱ्यावर विश्वास बसल्याशिवाय हिचा पाय उचलत नाही.

तपासून झाल्यावर तिनं तोच प्रश्न विचारला. डॉक्टरीणबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी सगळं नीट सांगितलं. पहिल्या ऑपरेशननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल, तुमच्या कागदांवरून तरी हरकत दिसत नाही. पण जुन्या टाक्यांवर ताण येऊ शकतो, म्हणून बाळाचे ठोके सारखे बघत राहावे लागतील, आणि ते बिघडले तर मी वाट बघणार नाही.

"आणि मला सांगाल कधी?"

"करायच्या आधी. पुष्कळ वेळ असेल तर पुष्कळ सांगेन. नसेल तर एकच वाक्य बोलेन. एका वाक्यापुरता वेळ मी काढीन."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर दुसरं वाक्य बोलेन. जरा मोठ्यानं."

मास्तरीणबाई खळखळून हसल्या. दोन्ही डॉक्टरांकडे न हसलेली बाई ही. त्या पत्र्याच्या बाकांच्या जागेत मला पहिल्यांदा वाटलं, माझी इतक्या वर्षांची डॉक्टरांची पारख हिनं एका गार हातावर मोडीत काढली. आणि गंमत म्हणजे मला राग आला नाही.

घरी मात्र आईनं आकाशपाताळ एक केलं. "सरकारी? आपल्या घरातली सून सरकारीत? लोक तोंडात शेण घालतील." इथे माझा भाऊ, जो आईसमोर कधी चकार शब्द काढत नाही, तो म्हणाला, "आई, बाळंतपण तिचं आहे. लोकांचं नाही." बोलून स्वतःच दचकला आणि पाणी प्यायला निघून गेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारायला उठले होते, पण आईचा चेहरा बघून परत बसले.

कळा सकाळी सुरू झाल्या. भाऊ गाडी चालवत होता, मी मागे तिचा हात धरून. कळ आली की तिचे डोळे मिटायचे, कळ ओसरली की पहिला शब्द, "इंडिकेटर!" रुग्णालयात पोचल्यावर भाऊच जास्त थकलेला दिसत होता.

आत सोबतीला मीच होते. दुपार कलायला लागली. तिनं खूप सोसलं. ओरडली, मला शिव्या दिल्या, मग माफी मागितली, मग पुन्हा दिल्या. डॉक्टरीणबाई येत होत्या, प्रत्येक वेळी काय करणार ते सांगत होत्या. पलंगाच्या खालच्या कडेवर हिचा पाय असा दाबलेला की नर्स म्हणाली, "अहो, पाय सैल सोडा." मी म्हटलं, "तो नाही सुटायचा. तो त्यांच्या धंद्याचा आहे."

मग मशीनचा आवाज बदलला. टकटक मंद झाली, पुन्हा चालू लागली, पुन्हा मंद झाली. डॉक्टरीणबाई मशीनजवळ उभ्या होत्या. त्यांनी आधी नर्सकडे बघितलं नाही. त्या दोन पावलं चालून हिच्या चेहऱ्याजवळ आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके मंदावताहेत, आता मला ऑपरेशन करावं लागेल."

एकच वाक्य. सांगितलं होतं तसं.

घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दाबा ब्रेक." आणि पाय उचलून घेतला. तो तसा उचललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाही कधी वाटला नाही.

या वेळी तिला कमरेत इंजेक्शन दिलं, झोपवलं नाही. आम्ही बाहेर बाकावर. मागाहून आलेली आई, मी, भाऊ. आई मधूनच पुटपुटत होती, "शेवटी ऑपरेशनच ना? मग मोठे डॉक्टर काय वाईट होते?" मी तिचे हात धरून ठेवले.

दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. आम्ही तिघंही उठलो. "दोघंही छान आहेत," ती म्हणाली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

नर्स हसली. "ते मी नाही सांगणार, आजी. बाळाच्या आईनं बजावून ठेवलंय, घरच्यांना तीच सांगणार."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता भडका उडतो. मग ती हळूच खाली बसली. छोटीच्या वेळचं सगळं मी तिला त्या बाकावर सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईसकट. आईनं ऐकून घेतलं. पदरानं चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

मला फोन येत होते. दुकानातून, शेजारून. सगळ्यांचा एकच प्रश्न, काय झालं? मी सगळ्यांना सांगितलं, "आम्हाला अजून कळलेलं नाही. आधी बाळाच्या आईला कळलंय." पलीकडच्यांना वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. माझी मान मात्र ताठ होती.

आत सोडलं तेव्हा आई सगळ्यात पुढे. मास्तरीणबाईंच्या कुशीत कापडाचं गाठोडं होतं. आईनं त्याच्याकडे बघितलंच नाही. सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "सांग."

"मुलगी आहे, आई."

"हो का?" आई म्हणाली, आणि छोटीची बातमीही आत्ताच कळल्यासारखी रडायला लागली.